तो फोटो छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणांच्या विशेष पानासाठी आपण वाचकांकडून कार्यालयांतल्या नवरात्रीचे फोटो मागवले होते. गेल्या आठवड्यात वडोदऱ्याहून आपल्याकडे असा एक फोटो आला आहे. चार पुरुष आहेत. तोंडाला, हातांना, छातीला काळा रंग. कमरेला सुतळीत ओवलेली आसोपालवची पानं, गळ्यात थर्माकोलची हाडं, हातात पुठ्ठ्याचे भाले. मधल्याने ट्रॉफी धरली आहे. खाली ओळ आहे, 'जंगली ग्रुप, प्रथम क्रमांक'. हा फोटो कृपा करून छापू नका.

तो माझ्याच ईमेलवरून आलेला आहे. आमच्या कंपनीत मराठी वर्तमानपत्र वाचणारी मी एकटीच. आपलं आवाहन मीच सगळ्यांना वाचून दाखवलं, त्यामुळे फोटो पाठवायचं कामही माझ्याकडेच आलं. फोटो मागे घेते, एवढं दोन ओळींत कळवता आलं असतं आणि ते मी वेगळं कळवलंही आहे. पण तसे फोटो आपल्याकडे आणखी कुठून कुठून आले असतील. शिवाय त्या चौघांना पहिला क्रमांक देणाऱ्या तीन परीक्षकांत मी होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी सातारा जिल्ह्यातून इथे आले. माझं सगळं आयुष्य दांडिया बाजारात गेलं. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी २७ वर्षं हिशेब सांभाळते आहे. नवरात्रीत आठमच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला मशिनं बंद होतात, शेडमधली जागा धुऊन काढतात, मधोमध माताजींचा फोटो आणि गरबा, म्हणजे आत दिवा लावलेला मातीचा घडा, ठेवतात, आरती होते आणि मग तास-दीड तास सगळे गोल फिरतात. ऑफिसचे, शॉपफ्लोअरचे, कॅन्टीनचे, गेटवरचे, सगळे. वर्षातून एवढी एकच वेळ असते जेव्हा आमच्याकडे कोण कुठल्या टेबलाचा हे बघायला लागत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते, आणि तो पेढा खाताना मला भरून आलं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वी गरब्यानंतर ड्रेस कॉम्पिटिशन सुरू झाली. पहिल्या वर्षी चणिया-चोळ्या, केडियू, एकाने आजोबांची लाल पगडी आणली होती. बघायला फार छान वाटलं. पण सगळ्यांचेच कपडे सुंदर असले की क्रमांक कसा द्यायचा? मग जो जास्त हसवेल त्याला बक्षीस मिळायला लागलं. कोणी कामवाली बाई होऊन आलं, खांद्यावर फडकं आणि तोंडात तंबाखू. दोन वर्षांपूर्वी डिस्पॅचमधले दोघे साडी नेसून, आत फुगे भरून आले आणि त्या फुग्यांवर दहा मिनिटं बोलले. पुढच्या रांगेत नुकत्याच लागलेल्या दोन मुली बसल्या होत्या. त्या माना खाली घालून मोबाईल बघत राहिल्या. कामाच्या ठिकाणी बाईला नकोसं असलेलं लैंगिक स्वरूपाचं बोलणं हा २०१३ च्या कायद्याने छळ ठरतो, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की त्यासाठी समिती नेमावी लागते. आमच्याकडेही समिती आहे आणि मी तिची सदस्य आहे. तक्रार आली नाही म्हणून आम्ही विषय काढलाच नाही.

यंदाच्या परीक्षकांच्या तक्त्याबद्दल सांगते, कारण सगळं त्यातच आहे. चार रकाने होते. वेशभूषा, अभिनय, कल्पकता आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद. प्रत्येकाला दहा गुण. शेवटच्या रकान्यात काय भरायचं असं मी एचआरच्या भाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, लोक किती हसतात ते बघायचं आणि आकडा टाकायचा."

फोटोतले ते चौघे सेल्सचे. त्यांची पाळी सहावी होती. ढोलाच्या रेकॉर्डवर 'झिंगालाला हुर्र' करत आत शिरले, पर्चेसच्या साहेबांना खांबाला बांधलं आणि शिजवून खायचं नाटक केलं. शेड दणाणून गेली. मीही हसले. मग त्यांच्यातला एक जण माईक घेऊन खाली उतरला आणि अप्रेंटिस मुलं उभी होती तिथे गेला. त्यांतला एक मुलगा छोटा उदेपूर जिल्ह्यातला आहे, कवांट बाजूचा, राठवा आदिवासी. आयटीआय करून आमच्याकडे वर्षभरासाठी आला आहे. हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या तोंडापुढे माईक धरून तो म्हणाला, "हे बघा, आमचा गाववाला. चल, आपल्या भाषेत बोल काहीतरी." मुलगा हसला. मान हलवून नाही म्हणाला. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा हसला, टाळ्या वाजवल्या. त्याच्या टाळ्या बघून मला बरं वाटलं. म्हटलं, याने खेळीमेळीने घेतलं. चौथ्या रकान्यात मी ९ लिहिले.

त्यानंतर सातव्या क्रमांकाचं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. दोनदा पुकारलं. मी सातव्या ओळीवर रेघ मारली आणि 'अनुपस्थित' लिहून आठव्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच मुलगा अप्रेंटिसच्या हजेरीचा तक्ता घेऊन माझ्याकडे आला. खांद्याला मोठी पिशवी होती. तक्ता टेबलावर ठेवायला वाकला तेव्हा पिशवीतून घुंगरांचा आवाज आला. मी सहज विचारलं, "गरब्याला काय आणलं होतंस?" तो म्हणाला, "कंई नथी, बेन." मी पुन्हा विचारलं. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. मग त्याने पिशवी उघडली. धोतर होतं, जाड चामडी पट्ट्यावर ओळीने बसवलेली पितळी घुंगरं होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बांबूच्या कामट्यांवर मोरपिसं बांधलेली टोपी होती. हा त्याच्या वडिलांचा घेर नाचायचा पोशाख. वडिलांनी तो बसने आणून डेपोवर त्याच्या हातात दिला होता आणि पिसं मोडू नयेत म्हणून उभ्याने प्रवास केला होता.

तक्त्यावरचा सातवा क्रमांक त्याचा होता.

होळीनंतर कवांटला घेरचा मेळा भरतो. मी ५४ वर्षांची आहे, कवांट माझ्या घरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि मला त्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. त्याने सांगितलं ते असं. तो लहान असताना खूप आजारी पडला होता, तेव्हा वडिलांनी बाधा घेतली, म्हणजे आपल्याकडचा नवस. पाच वर्षं घेर नाचीन. त्या दिवसांत वडील खाटेवर झोपत नसत. अंगावर पांढरे ठिपके काढतात ते एकमेकांचे एकमेकांनी काढायचे. कमरेला घुंगरं किंवा वाळलेले दुधीभोपळे बांधतात आणि मोठ्या ढोलाच्या तालावर गावोगाव फिरतात. पाचवं वर्ष संपलं त्या दिवशी वडिलांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, एवढं त्याला आठवतं. हे सगळं तो खाली बघून, टोपीवरचा कागद नीट करत सांगत होता. मग म्हणाला, "एचआरवाळा साहेबे कह्यु हतुं, ट्रॅडिशनल पहेरीने आवजो." पारंपरिक घालून या, असं त्याला सांगितलं होतं. म्हणून त्याने आणलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मुलाच्या बापाने ज्या पोशाखाचं नाव काढून देवाकडे पोराचा जीव मागितला, त्याचं हाडं-पानं-भाले करून आम्ही सोंग काढलं आणि मी त्याला दहापैकी नऊ दिले. आमच्या एचआरच्या टेबलामागे पिठोऱ्याच्या घोड्यांचं कॅलेंडर आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की कंपनी त्यांना पिठोऱ्याची फ्रेम भेट देते. ती चित्रं राठवांचीच. घरातल्या भिंतीवर, नवस फेडताना, विधी करून काढायची. परेश राठवांना त्या कलेसाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचा फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरला होता, 'आपल्या गुजरातचा अभिमान' म्हणून. ती कला भिंतीवर लावायला आम्हाला चालते, पण ती काढणाऱ्या घरातला मुलगा आमच्या शेडमध्ये उभा असतो तेव्हा आम्हाला त्याची ओळख राहत नाही.

मी एचआरकडे गेले. भाई चांगला माणूस आहे, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण ताई, सगळे हसले. तो स्वतः हसला. आणि नऊ तुम्हीच दिलेत." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. उत्तर मला तिथे सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं, आणि तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

त्या मुलाची अप्रेंटिसशिप डिसेंबरात संपते. तीस-बत्तीस मुलांतून चार-पाच जणांना पुढे कामावर घेतात. कोणाला घ्यायचं ते ठरवताना ज्यांचं मत विचारतात त्यांच्यातला एक जण त्या दिवशी कमरेला पानं बांधून त्याच्यापुढे माईक धरून उभा होता. तो मुलगा हसणार नाही तर काय करणार? आमच्याकडे साहेबांच्या विनोदाला हसणं हे गेट पास दाखवण्यासारखं आहे, रोजच्या कामाचा भाग. मीही २७ वर्षं हसत आले आहे. विधवा झाल्यावर तिसऱ्या महिन्यात एका साहेबांनी माझ्या पांढऱ्या साडीवर विनोद केला होता, तेव्हाही हसले होते, कारण मुलाची फी भरायची होती. चार मित्र घरी बसून एकमेकांची टर उडवतात तेव्हा ज्याला लागतं तो उठून जातो, भांडतो, दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. ऑफिसात उठून जाता येत नाही. तिथे कोण हसलं यावरून कोणाला चाललं हे कळत नाही. आणि आम्ही तर हसण्यालाच गुण दिले. तो चौथा रकाना म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून होकार घेऊन त्याचा आकडा करणं आहे.

लोक म्हणतील, सोंग काढणं ही आपली जुनी परंपरा आहे. आहेच. लहानपणी सुट्टीत साताऱ्याला गेले की दारात बहुरूपी यायचा, पोलिसाचा वेश करून आजोबांना दरडावायचा आणि आजोबा खळखळून हसून त्याला शेर-दोन शेर धान्य द्यायचे. गावात ज्याच्यापुढे मान खाली घालायची त्याचं सोंग तो काढायचा. इथे गुजरातेत भवाई आहे. तिचे वेश ज्याने रचले तो ब्राह्मण होता; एका कणबी मुलीला सोडवण्यासाठी तो तिच्या ताटात जेवला आणि जातीबाहेर टाकला गेला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्या वेशांत वाणी, ब्राह्मण, अंमलदार सगळ्यांची फजिती होते. बहुरूपी आणि भवाया पोटासाठी दारोदार फिरणारी माणसं, थट्टा करायची ती वरच्याची. आमच्या शेडमध्ये साहेबलोकांनी अप्रेंटिसच्या आईबापाचं सोंग काढलं. याला ती परंपरा म्हणता येत नाही.

माझी भाची कॅनडात असते, ब्रॅम्पटनला. तिकडे डिसेंबरात ऑफिसांमधून कुरूप स्वेटरची स्पर्धा असते. मावशीने विणून पाठवलेला, घालायची लाज वाटेल असा स्वेटर मुद्दाम घालून यायचं आणि स्वतःवर हसून घ्यायचं, असा मूळचा निरागस प्रकार. पुढे दुकानांत तयार विनोदी स्वेटर यायला लागले. २०१९ च्या डिसेंबरात वॉलमार्टच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर एक स्वेटर विकायला होता. त्यावर सांताक्लॉजपुढे कोकेनच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या आणि कोलंबियाच्या 'बर्फा'ची थट्टा होती. वॉलमार्टने माफी मागून माल काढून घेतला, पण कोलंबियात लोक संतापले होते आणि तिथल्या सरकारने कायदेशीर कारवाईची भाषा केली. त्या धंद्यापायी ज्या देशात इतकी माणसं मेली, तिथल्या लोकांना तो स्वेटर बघून काय वाटलं असेल?

भाचीच्या ऑफिसात तीन वर्षांपूर्वी एक जण गणपतीचं चित्र असलेला स्वेटर घालून आला. डोक्यावर सांताची टोपी आणि सोंडेत बिअरची बाटली. त्याला दुसरं बक्षीस मिळालं. भाची तेव्हा प्रोबेशनवर होती. ती हसली, टाळ्या वाजवल्या, मग बाथरूममध्ये जाऊन रडली आणि रात्री आम्हाला फोन केला. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या रात्री आम्ही सगळे पेटून उठलो होतो. सर्वांत मोठा मेसेज माझा होता. 'त्यांना आपल्या देवाची काय किंमत' असं मी लिहिलं होतं. तो मेसेज मी परवा शोधून पुन्हा वाचला.

अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, हे मला कोणी सांगायला नको. त्या मुलाला पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, त्याला नोकरी हवी आहे. आणि त्या चौघांतला एक जण माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मिस्टरांना रात्री दोन वाजता अटॅक आला तेव्हा त्याने स्वतःच्या गाडीतून त्यांना सयाजी हॉस्पिटलला नेलं होतं आणि सकाळपर्यंत तिथे बसून होता. मी हे सगळं बोलल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. चहा आला की कप घेऊन बाहेर जातो. मला त्याचं वाईट वाटतं. त्याने मुद्दाम कोणाला दुखवलं असं मला वाटत नाही. त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांच्या हातात गुणांचा तक्ता होता.

मागणी अगदी साधी आहे. दिवाळीआधी, धनतेरसच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पुन्हा ड्रेस कॉम्पिटिशन आहे. इतर ऑफिसांतही असेल, डिसेंबरात ख्रिसमसला पुन्हा होईल. जात, जमात, धंदा, बाईचं शरीर, अपंगत्व, तृतीयपंथी, यांपैकी कशाचंही सोंग स्वीकारणार नाही, हे नोटीस लावतानाच लिहा. नंतर माफी मागण्यापेक्षा ते फार सोपं आहे. ज्याला हसवायचंय त्याने स्वतःच्या टेबलाचं सोंग काढावं. सेल्सच्या माणसाने मार्चअखेरीला टार्गेटसाठी धावणारा सेल्सवाला होऊन यावं, मी हिशेबनीस होऊन येईन, पोटभर हसा. परीक्षकांत शॉपफ्लोअरचं कोणीतरी घ्या. आणि तो चौथा रकाना काढून टाका. मी एचआरला लेखी कळवलं आहे की रकाना असेल तर मी परीक्षक नसेन. अजून उत्तर आलेलं नाही.

आपल्यालाही एक विनंती आहे. असे फोटो आले की ते 'धमाल' म्हणून छापू नका. आमच्या चौघांना ट्रॉफी मिळाली ती शेडमधल्या दोनशे माणसांपुढे. आपण फोटो छापला असता तर तो घरोघर गेला असता, आणि कवांटच्या एखाद्या मुलाच्या मोबाईलवर कधी ना कधी पोचला असता.

मी त्या मुलाला विचारलं, दिवाळीला घालशील का तो पोशाख? मी बोलते सगळ्यांशी. तो म्हणाला, "जवा दो ने, बेन." मग थोडं थांबून म्हणाला, वडिलांनी पोशाख परत नेला, होळीला लागेल त्यांना. तुम्ही होळीनंतर कवांटला या, तिथे बघा. त्याने बस कुठून सुटते, कुठे उतरायचं, हे सगळं माझ्या डायरीत लिहून दिलं आहे. मी जाणार आहे.

माझं नाव कृपया छापू नये. मी मागे हटते आहे असं नाही, ऑफिसात हे सगळं मी तोंडावर बोललेली आहे. पण माझ्या नावावरून कंपनी कळेल आणि कंपनीवरून तो मुलगा कोण ते कळेल, आणि डिसेंबर अजून जायचा आहे.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा